मागच्या दारची कवठी

आमच्या खोलीच्या मागच्या दारी एक झुडूप होतं, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत आहे असं आई आणि मी समजत होतो. आम्ही त्याला कवठी म्हणायचो. ते नाव चुकीचं असेल अशी शंका यायला मला कॉलेजात जावं लागलं, आणि ती शंका फिटायला कॉलेज पुरलं नाही.

डोंबिवलीजवळ मानपाड्याला आमची बैठी चाळ होती. पुढून गल्ली, मागून नाल्याची भिंत, आणि भिंत ते खोली यांच्यामध्ये प्रत्येकाला एक पट्टा. बाकीच्यांनी तिथे मोरी वाढवली, कुणी पत्रा टाकून सामान ठेवलं. बाबांनी झाडं लावली. तुळस, अडुळसा, कढीपत्ता, एक लाल जास्वंद आणि अगदी कोपऱ्यात, कपडे धुवायच्या दगडाला चिकटून, हे झुडूप. माझ्या डोक्याच्या थोडं वर गेलेलं. पानं गर्द हिरवी, चिवट, शिरांची जाळी वर उमटलेली. फुलं पांढरी आणि खाली मान घातलेली. दिवसभर नुसत्या कळ्या लोंबताना दिसायच्या. संध्याकाळी फूल उमलायचं आणि पिकलेल्या फळासारखा गोड, जरा आंबूस वास मागच्या दारातून आत यायचा. सकाळी बोट लावलं की पाकळ्या हातात.

बाबा एमआयडीसीतल्या डाईंग कंपनीत होते. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. आई तिथल्याच एका पॅकिंगच्या कंपनीत जाते, बहुतेक वेळा दुपारची पाळी. म्हणजे मी ठाण्याहून कॉलेज करून घरी यायचे तेव्हा आई गेलेली असायची आणि ती यायची तेव्हा माझे डोळे मिटत आलेले असायचे. मधला वेळ मी आणि तो वास. मी मागचं दार उघडं टाकून उंबऱ्यात अभ्यासाला बसायचे. कॉलेजात मी फारशी बोलत नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे वर्गात काय विचारायचं असतं आणि काय आपलं आपण समजून घ्यायचं असतं हे मला अजून नीट कळत नाही. बरेचदा असं व्हायचं, की सकाळी कंडक्टरला "ठाणे एक" म्हटल्यानंतर दिवसभरात मोठ्याने बोललेलं दुसरं वाक्य आठवायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात चाळीच्या मालकाने सांगितलं, जागा बिल्डरला दिली, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करा. आईने कल्याण पूर्वेला एक खोली बघितली. तिसरा मजला, एक खिडकी, खिडकीला जाळी.

"झाडांचं काय?" मी विचारलं.

"तुळस नेऊ. बाकीची काय डोक्यावर नेणार आहेस?"

"कवठी तरी."

"अगं, तिची मुळं त्या दगडाखाली गेलीत. दगड उचलायला चार माणसं लागतील. आणि खिडकीत कवठाचं झाड लावतात का कुणी?"

बोलणं तिथेच संपलं. पण ते झाड इथे राहिलं तर जेसीबीखाली जाणार, हे मला जेवताना, बसमध्ये, लेक्चरला, सगळीकडे आठवायला लागलं. बाबांचे कपडे आईने गावाला पाठवले होते. त्यांचा फोन मी वापरते, पण त्यात त्यांचं काही उरलेलं नाही. त्यांनी गावाहून आणलेली आणि अजून वाढत असलेली ती एकच गोष्ट होती. झाड उपटून नेता येत नसेल तर त्याचं दुसरं रोप करून नेता येईल, एवढं मला कळत होतं. पण बी लावायचं, की फांदी खोचायची, की आणखी काही, हे झाडागणिक वेगळं असतं. त्यासाठी झाड कोणतं ते माहीत हवं.

मी बी.एस्सी.ला आहे आणि माझा विषय वनस्पतीशास्त्र आहे. तेव्हा मला हे सोपं वाटलं होतं.

पुस्तकात कवठ काढलं. पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर पाच-सात छोटी पानं. आमच्याकडे एकेक मोठं सुटं पान. कवठाला काटे असतात. आमच्या झाडाला एक नाही. कवठाची फुलं बारीक, फिकट, झुबक्यात. आमचं फूल एकटं आणि मुठीएवढं. मी पुस्तक मिटलं आणि परत उघडलं. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघतेय. पुस्तकापेक्षा माझी चूक असण्याची शक्यता जास्त, असं मला नेहमीच वाटतं.

रविवारी आईला सांगितलं.

"कवठ नाही म्हणजे? तुझे बाबाच म्हणायचे की कवठी."

"आधी कवटी म्हणायचे ना? तू सुधारलंस."

आई हसली. तो प्रसंग आम्हा दोघींना आठवत होता. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. बाबा गणपतीला त्यांच्या गावी गेले होते आणि येताना ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळलेली एक काठी घेऊन आले. आई कराडकडची. तिने दारातच सुरुवात केली.

"माणसं गावाहून काजू आणतात, कोकम आणतात. यांनी काय आणलं, तर काठी!"

"काठी नव्हे ती. कवटी."

"अगं बाई! कवटी मढ्याची असते हो. घरात कवटी आणली म्हणून सांगू का शेजारी? कवठी म्हणा, कवठी."

"बरं. कवठी," बाबा म्हणाले आणि खड्डा खणायला मागे गेले.

आईला बाबांची भाषा अशी सुधारायची सवयच होती. बाबा सावंतवाडीच्या अलीकडचे. लग्न झालं तेव्हा ते काय बोलतात ते तिला कळायचं नाही, चाळीतल्या बायका हसायच्या, मग तिने मनावरच घेतलं. माझ्या आठवणीतले बाबा आमच्यासारखंच बोलतात. फक्त गावाहून फोन आला की ते गल्लीत जाऊन, पाठ करून, वेगळ्या आवाजात बोलायचे. ते माझ्या कानावर पडायचं, पण कळत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही.

तर कवठी. महाशिवरात्र आली की आई डोंबिवलीच्या बाजारातून चटणीसाठी कवठ आणायची आणि न चुकता विचारायची, "अहो, घरचं झाड असून मी विकत आणते. तुमच्या झाडाला लागायची तरी कधी?"

"लागलीत की," बाबा म्हणायचे. "बघ, लटकलीयेत."

आई खरंच मागच्या दारी जाऊन वर बघायची. बाबा चहाचा कप तोंडाला लावून बसायचे. त्यांचे खांदे हलायचे. मला वाटायचं, ठसका लागलाय.

वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी घोडबंदर रोडला राहते. तिच्या इमारतीत बाग बघायला माळी येतो. तिला मी एकदा धीर करून विचारलं, अनोळखी झाड कसं ओळखायचं म्हणून.

"ए ऐक ना, एवढा लोड का घेतेस? फोनमध्ये फोटो काढ, ॲप सांगतं. दोन सेकंदांत!"

मी घरी जाऊन फोटो काढला. ॲपने सांगितलं, सीताफळ. दुसऱ्या बाजूने काढला. म्हणालं, अनंत. कळीचा काढला तर चहाच्या जातीचं कुठलंतरी चिनी झुडूप.

आई त्या दिवशी लवकर सुटली होती. "काय म्हणाला फोन?"

"सीताफळ."

"मग बरंच झालं की. कवठापेक्षा गोड."

"आई, मी मस्करी करत नाहीये."

"मी पण नाही. दिवाळीपर्यंत सीताफळं लागतात का विचार त्याला."

शेवटी मी आमच्या मॅडमना विचारायचं ठरवलं. ठरवल्यापासून विचारेपर्यंत बरेच दिवस गेले. त्या प्रॅक्टिकल संपल्यावर टेबल आवरत असताना मी जाऊन उभी राहायचे आणि दुसऱ्या कुणी काही विचारलं की मागे सरकायचे. एक दिवस त्यांनीच विचारलं, "तुला काही हवंय का? रोज उभी असतेस."

"मॅडम, आमच्याकडे एक कवठाचं झाड आहे. पण ते कवठ नाहीये."

हे ऐकायला कसं वाटलं असेल ते मला नंतर कळलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फूल आणि पानासकट फांदी घेऊन ये. बघू."

फांदी आणणं सोपं. फूल आणणं नाही. मी संध्याकाळी उमललेलं फूल देठासकट काढलं, ओल्या रुमालात ठेवलं, रुमाल डब्यात. सकाळी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. शीळफाट्याला नेहमीसारखी कोंडी. बायपासला ट्रक बंद पडलेला. गाडी एक झटका देऊन पुढे जायची आणि उभी राहायची. प्रत्येक झटक्याला मी डबा उचलून धरत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय गं, रस्सा आहे काय? सांडेल ना." मी हो म्हटलं. फूल आहे म्हणायची लाज वाटली.

कॉलेजात डबा उघडला तर आत पाकळ्या वेगळ्या, देठ वेगळा. पाकळ्या तपकिरी पडलेल्या. मॅडमनी डब्यात बघितलं आणि मीच आधी "सॉरी मॅडम" म्हटलं.

"सॉरी कशाला? फुलाने तुला त्याची सवय सांगितली. पाकळ्या किती आहेत ते मोज. आणि एक सांगू? तुम्ही सगळे फुलाच्या मागे लागता. काडी बघ. पान जिथे जोडलंय तिथे नीट बघ, आणि मला सांग काय दिसतं." त्यांना तास होता. फांदी माझ्याकडेच ठेवून त्या गेल्या.

मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी भिंग घेऊन बसले. पान जोडलं होतं त्या जागी काडीला सगळीकडून एक बारीक रेघ होती. बांगडीसारखी, पूर्ण गोल. वरच्या पानाशीही तशीच, खालच्या पानाशीही. शेंड्याला जी कोवळी कोंबाची टोपी होती ती मी नखाने सोडवली तर तिच्या खाली तशीच ताजी रेघ. ही टोपी गळून पडते आणि तिची खूण राहते, हे आम्हाला शिकवलं होतं. वहीत मी त्याची आकृतीही काढली होती, फळ्यावरून बघून. ती आकृती कुठल्या झाडांची हे मात्र मला आठवेना. दोन कुळांची नावं डोक्यात येत होती. वडाचं कूळ, तर मग चीक हवा. मी काडी मोडून बघितली, चीक नव्हता. दुसरं कूळ चाफ्याचं. म्हणजे सोनचाफ्याचं. पण सोनचाफा तर मोठा वृक्ष आणि त्याचं फूल पिवळं, निमुळत्या पाकळ्यांचं.

ते बरोबर असेल असं मला वाटत होतं, पण मॅडमना सांगायला गेले नाही. परत चुकलं तर? एकदा कवठ म्हणून झालं होतं.

त्या संध्याकाळी घरी मी एकटीच होते. फुलं उमलली होती. मला एकाएकी वाटलं, हे झाड जिथून आलं तिथे विचारायला काय हरकत आहे? गावाला बाबांची मोठी बहीण असते. तिला त्याच गावात दिलेली. बाबा होते तोवर तिचे फोन त्यांना यायचे. ते गेल्यावर ती सणाला आईला फोन करायची, दोघी एकमेकींना "बरं आहे ना" विचारायच्या आणि ठेवायच्या. मी तिला स्वतःहून कधीच फोन केला नव्हता. बाबांच्याच फोनवरून लावला.

पलीकडे रिंग थांबली आणि कुणी काही बोलेना.

"हॅलो, आत्या?"

"कोण?" आवाज घाबरलेला होता. मग माझ्या लक्षात आलं, तिच्याकडे हा नंबर बाबांच्या नावाने असणार.

"आत्या, मी बोलतेय. डोंबिवलीहून."

"बाय तू! अगो, जीव गेलो माझो. नाव बघून... बरा मा? आवशीक बरा मा?"

मी आईचं, माझं, सगळं बरं असल्याचं सांगितलं. चाळ जाणार हे सांगितलं. मग घाईघाईने झाडाचं विचारलं. पानं अशी, फूल असं, संध्याकाळी वास येतो, बाबांनी गणपतीत आणलं होतं, आम्ही कवठी म्हणतो.

"कवटी चाफो तो!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "जगलो थय? माझ्याच परड्यातलो तो. मीच दिलंय काडून, गोणपाटात बांधून."

"कवठी चाफा?"

"कवटी गो. कवट."

"म्हणजे कवठाचं फळ असतं ते?"

"फळ खयचा? कवट गो, कवट! कोंबयेचा. तुमी अंडा म्हणतास ना, ता. कळो बघ कसो लोंबता. अंडा टांगल्यासारखो."

मी मागच्या दाराकडे बघितलं. उद्या उमलायच्या कळ्या लोंबत होत्या. पांढऱ्या, गोलसर, एका बाजूने किंचित निमुळत्या. कोंबडीच्या खुराड्यातून नुकत्या काढलेल्या अंड्यांसारख्या. मी इतकी वर्षं त्या रोज बघत होते.

आत्या बोलत सुटली होती. अर्धं मला कळत होतं, अर्धं नाही. "तुझो बापूस लहान असताना आमच्या आवशीक फसवायचो. म्हणायचो, 'आये, कोंबी झाडार चढली, थयच कवटा घातल्यान!' आणि ती बिचारी टोपली घेवन जायची. मगे हसत पळायचो मेलो." ती हसत होती आणि तिचा आवाज हळूहळू भरून येत होता. मी "हो, हो" म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मी उंबऱ्यातच बसून राहिले. महाशिवरात्रीला बाबांचे खांदे का हलायचे ते मला तेव्हा कळलं. लहानपणी स्वतःच्या आईला फसवायचे तसंच ते बायकोला फसवत होते, वर्षानुवर्षं, आणि या घरात तो विनोद कळणारं कुणीच नव्हतं. एकट्यानेच करायचा, एकट्यानेच हसायचं. ते हसताना माझ्याकडे बघायचे का? मी खूप आठवून बघितलं. बघत असतील. मला शब्द माहीत असता तर मीही हसले असते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. आधी काडीवरची रेघ, मग चीक नसल्याचं, मग कूळ. त्या ऐकत राहिल्या.

"आणि नाव?"

"कवठी चाफा. म्हणजे गावाकडे कवटी चाफा म्हणतात. कवट म्हणजे अंडं."

"अंडं?" त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. तेच पान, तीच जाळी, तीच मान खाली घातलेली कळी. मॅग्नोलियाची झुडूपवजा जात. "पुस्तकात कवठीच आहे, ठ. मी तर वास कवठासारखा म्हणून नाव पडलं असं समजत होते. तुझी अंड्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. दोन्ही असू शकेल. पण ओळखलंस कशावरून, चाफ्याचं कूळ?"

"काडीवरून. पण खात्री नव्हती."

"मग खात्री नव्हती असं सांगायला यायचं. त्यासाठीच बसलोय आम्ही इथे."

रोप कसं करायचं तेही त्यांनी सांगितलं. याची नुसती फांदी खोचली तर सहसा जगत नाही. गुटी बांधायची. फांदी झाडावरच ठेवून तिची साल बांगडीसारखी गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, प्लास्टिकने घट्ट बांधायचं. मुळं फुटली की खालून कापून लावायची. "पण वेळ घेतं हं हे झाड. दोन महिने, तीन महिने. कधी फुटतच नाहीत."

रविवारी मी आईला सगळं सांगितलं. ती मागच्या दारी कपडे घासत होती. अंड्याचं ऐकून तिने हात थांबवले.

"अंडी?"

"हो. कवटं. लटकलीयेत म्हणायचे ना?"

आईने साबणाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि वर झाडाकडे बघितलं. मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग इतकं की तिला दगडावर बसावं लागलं. "बघ की गं! दर शिवरात्रीला मी आपली वर मान करून... उपास असायचा माझा, आणि हे मला अंडी दाखवत होते!"

मीही हसले. हसू ओसरल्यावर आई म्हणाली, "सांगायचं तरी ना एकदा." झाडाकडे बघूनच म्हणाली. मग तिने नळ सोडला आणि परत घासायला लागली.

दुपारी मात्र तीच म्हणाली, "ती गुटी का काय ती, कधी बांधायची?"

आम्ही श्रावणात दोन गुट्या बांधल्या. आईने फांदी धरली, मी साल सोलली. मी सुरी टेकवून परत उचलत होते. "अगं सोल की, आंब्याची साल सोलतेस ना," आई म्हणाली. कंपनीतून तिने पॅकिंगचं जाड प्लास्टिक आणलं होतं आणि ते तिने असं काही आवळून बांधलं की त्यात पाण्याचा थेंब जाईना. नंतरचे दिवस मी कॉलेजहून आले की पाठीवरची बॅगही न उतरवता आधी मागे जायचे. प्लास्टिकमधून काही दिसतं का बघायचे. शेवाळच दिसायचं.

गणपती झाले, नवरात्र झालं. चाळीतली बिऱ्हाडं हलायला लागली. संध्याकाळी एकेका खोलीतला दिवा कमी होत गेला. शेजारच्या टीव्हीचा आवाज मला नेहमी नको व्हायचा. तो बंद झाल्यावर मला वाचताना लक्ष लागेना. झाडाला फुलं येतच होती, आणि वास आता रिकाम्या खोल्यांमधूनही फिरत असणार असं वाटायचं.

दिवाळीनंतर टेम्पो सांगितला. आदल्या दिवशी मी गुट्या सोडल्या. पहिलीचं प्लास्टिक उघडलं आणि कुजका वास आला. आत काळं पडलेलं, मूळ एकही नाही. दुसरी उघडायला मला धीर होईना. आईला हाक मारली. तिने विळ्याने दोरा कापला. शेवाळाच्या बाहेर चार-पाच पांढरी मुळं आली होती, शेवयांसारखी, फार बारीक.

"एवढ्यावर जगेल?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"चल, काप."

मी कापली. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात लावली. टेम्पोत आई पुढे बसली आणि तिने तो डबा मांडीवर घेतला. मिक्सर आणि देव मागे माझ्याकडे दिले. मागच्या दाराला कडी घालताना मी झाडाकडे बघितलं नाही. बघायचं असं ठरवलं होतं, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

इथे कल्याणला डबा खिडकीच्या जाळीत आहे. आल्या आल्या पानं पिवळी पडली आणि एकेक करून गळाली. नुसती काठी उरली. आईची पाळी तशीच आहे, इथून कंपनी उलट लांब पडते. इथल्या मजल्यावर दारं बंद असतात. समोरच्या बाई जिन्यात भेटल्या की "नवीन ना तुम्ही?" विचारतात. तीनदा विचारून झालंय. संध्याकाळी मी सवयीने खिडकीशी बसते. वास कुणाच्या तरी मासळीचा येतो, कधी उदबत्तीचा.

आत्या मात्र आता दर रविवारी फोन करते. आम्ही निघालो त्या दिवसापासून. बाकी काही विचारायच्या आधी तिचा एकच प्रश्न असतो, "पान इला?" म्हणजे, पान आलं का? मी नाही म्हणते. मग ती "येतला गो, थांब" म्हणते आणि तिच्या परड्यातलं, पावसाचं, सुपारीचं सांगत राहते. एखादा शब्द कळला नाही की मी आता मध्येच थांबवून विचारते. तिला त्याचं फार हसू येतं, पण सांगते.

गेल्या आठवड्यात काठीच्या शेंड्याला पोपटी टोक दिसलं. रविवारपर्यंत ते उलगडलं. नखाएवढं पान, पण पान. मी आईला उठवलं नाही, ती पाळी करून झोपली होती. फोन आला तसा मी तो घेऊन जिन्यात गेले आणि आत्याने विचारायच्या आधीच म्हटलं, "आत्या, पान इलो."

"काय?"

"पान इलो. एक."

"अगो!" ती ओरडली. मग हसायला लागली. "इलो नाय गो बाय. चाफो इलो. पान इला. म्हण बघू."

"पान इला," मी म्हटलं.

पलीकडून काही आलं नाही. तिच्याकडे रेंज जाते अशी मधूनच. मी दोनदा हॅलो म्हटलं, थोडा वेळ फोन कानाला तसाच धरला आणि मग नळाला पाणी यायची वेळ झाली म्हणून आत गेले.